वाजवून दाखवा, मग न्या

नरसय्या जॉबरच्या दुकानात गिटार ठेवून यायला काहीच लागत नसे. पावती नाही, चिठ्ठी नाही, नावसुद्धा विचारणं नाही. परत न्यायला मात्र एक नियम होता. त्याच्यासमोर, त्याच्या त्या डुगडुगत्या स्टुलावर बसून ती वाजवून दाखवायची. "मला येत नाही हो, मी नुसती न्यायला आलोय," असं कुणी म्हणालं, तर तो शांतपणे सांगे, "मग ज्याची हाय त्याला पाठवा की." मित्राची मागून आणून पाडलेली, भावाला न सांगता उचललेली, नुसती भिंतीवर शोभेला लावायची, अशा सगळ्या गिटारींचं बिंग त्या स्टुलावर फुटायचं. माझंही तिथंच फुटायची वेळ आली होती. पन्नास वर्षं कडेवर घेऊन वाढवलेलं बिंग. तेव्हा त्या माणसाला मी विसरीन कशी?

आधी बिंगाचं सांगून टाकते, म्हणजे जॉबरचं मोकळेपणानं सांगता येईल.

एकोणिसाव्या वर्षी मी वडिलांकडे हट्ट करून पुण्याहून हवाईयन गिटार आणवली होती. ही मांडीवर आडवी ठेवायची आणि डाव्या हातातला पोलादी रॉड तारांवरून सरकवत वाजवायची. तेव्हा फॅशनच होती तिची. क्लासला मी एकूण चार दिवस गेले. पण गिटारीची पेटी घेऊन गल्लीतून जाणं मात्र वर्षभर चालू ठेवलं. गिटार जड पडायची, म्हणून बऱ्याचदा पेटी रिकामीच असायची. दोन वेण्या, तोंडाला पावडर आणि हातात रिकामी पेटी! आज ती मुलगी रस्त्यात भेटली तर मी तिची पेटी भर चौकात उघडून बघेन.

पुढं मला बघायला पाहुणे आले. पोहे झाले, नाव-गाव झालं आणि माझ्या आईनं अभिमानानं गिटार काढायला लावली. मला एकाच गाण्याच्या दोन ओळी यायच्या. त्या दोन वाजवल्या. तिसरी येत नव्हती. म्हणून तार जुळवायचं निमित्त करून मी खुंटी पिळत गेले, पिळत गेले, आणि तार ताडकन तुटली. "अरेरे," असं सगळे एका सुरात म्हणाले. लग्न ठरलं. सासरी गिटार आली ती माळ्यावर गेली, आणि तिच्याबरोबर एक कथाही घरात आली: हिनं संसारासाठी कला सोडली. ही कथा मी सुरू केली नाही. पण थांबवलीही नाही, उलट सणावारी तिला तेलपाणी केलं. आमच्या ह्यांनी जाईपर्यंत एकदाही नवी तार आणून दिली नाही. आता वाटतं, माणूस शहाणा होता.

ही कथा कुणाच्या उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. पण माझी नात रेवा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला गेली, कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवायला लागली आणि माझ्या मुलानं फर्मान काढलं, की शेवटचं वर्ष होईपर्यंत बँड बंद. रेवा त्याच्यासमोर उभी राहिली. "या घरात एकीनं गिटार सोडली ती पुरे झाली, बाबा," असं म्हणाली. माझ्या मुलाचं फर्मान तिथंच विरलं. त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, की जणू त्याच्याच जन्मामुळं माझी गिटार सुटली. मी मान खाली घालून मटार सोलत बसले. मटार सोलून संपले होते, तरी सोलत बसले.

तर असं सगळं त्या दोन ओळींवर उभं होतं. आता जॉबरकडं येते.

सोलापूरचा उन्हाळा माणसांना जसा सोलून काढतो तसा गिटारींनाही काढतो. लाकूड आकसतं, मानेवरच्या पितळी पट्ट्यांची टोकं बाहेर येतात आणि तळहाताला बोचायला लागतात. रेवाच्या गिटारीचं तेच झालं होतं. कुणीतरी तिला भवानी पेठेतला पत्ता दिला, आणि मला टॉवेल घ्यायचे होते म्हणून मीही तिच्या स्कूटीवर मागं बसले. त्या बोळात शिरल्यावर आधी कानाला नाही, पायाला कळायचं. जमीन थरथरायची. पुढं खडखडाट. पॉवरलूमचे बारा माग एका शेडमध्ये टॉवेल विणत होते आणि शेडच्या भिंतीला भिंत लावून एक दहा बाय दहाची खोली होती. दारावर पाटी: गिटार रिपेअर. खाली बारीक अक्षरात, सूचना वगैरे काही नाही, नुसतं: वाजवून दाखवा, मग न्या.

एवढ्या गोंगाटात कुणी वाद्यं दुरुस्त करतं का, असं मला वाटलं. आत गेल्यावर दिसलं, की शेडकडच्या त्या थरथरत्या भिंतीवरच त्यानं सगळ्या गिटारी टांगलेल्या होत्या. नंतर कुणीतरी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "हितं जी कुरकुरली न्हाय, ती जगात कुटं कुरकुरणार न्हाय." दुरुस्त झालेली गिटार आठवडाभर त्या भिंतीला लटकवायची, मागांचा मार खाऊ द्यायचा. एखादा स्क्रू सैल असला, कुठं गोंद धरला नसला, तर ती तिथं लगेच चहाडी करायची.

जॉबर म्हणजे मागांचा मिस्त्री. धागा सारखा तुटायला लागला, आडवा धागा नेणारा धोटा उडायला लागला, की ज्याला हाक मारतात तो. नरसय्यानं चाळीस वर्षं हेच केलं. उंच, वाळका, अंगात अर्ध्या बाह्यांचा बनियन, कानामागं पेन्सिल आणि खिशात एक ठिगळासारखा टॉवेलचा तुकडा. घरात तेलुगू, बोळात मराठी, आणि चिडला की दोन्ही. गिटारीचा नाद त्याला नव्हता. त्याच्या वरच्या मजल्यावर एक प्राध्यापक भाड्यानं राहायचे, त्यांची गिटार काही केल्या सुरात राहीना. त्यांनी सहज याला दाखवली. हा म्हणाला, मागावर दोन दोन हजार धागे एकाच ताणात धरतो, हितं तर सहाच हायत. रात्रीत नव्हे, चांगले पंधरा दिवस लावून त्यानं ती गिटार खोलली, समजून घेतली, परत जोडली. प्राध्यापक बदली होऊन गेले, पण जाताना अख्ख्या कॉलेजला पत्ता सांगून गेले.

मागांच्या शेडमध्ये बोललेलं ऐकू जात नाही, म्हणून तिथली माणसं हातानं बोलतात. नरसय्याची ती सवय दुकानातही राहिली होती. तळवा आडवा धरला म्हणजे थांब. दोन बोटांची चिमूट सोडली म्हणजे धागा तुटला, काम बिघडलं. आणि तर्जनी हवेत गोल फिरवली म्हणजे पुन्हा चालू कर. स्टुलावर बसून वाजवणाऱ्यापुढं त्याचं ते गोल फिरणारं बोट एकदा सुरू झालं, की समोरचा घामाघूम. आणि वाजवणं चालू असताना तो आणखी एक विचित्र गोष्ट करायचा. खाली वाकून गिटारीच्या खांद्यावर हनुवटी टेकवायचा, अगदी लहान मूल खिडकीच्या चौकटीवर टेकवतं तशी, आणि डोळे मिटून घ्यायचा. पोरं म्हणायची, जॉबर गिटारीशी गुजगोष्टी करतो. मलाही ते फार कलावंताचं लक्षण वाटलं होतं. कलावंताच्या लक्षणांची मला जन्मजात पारख, हे तुम्ही ओळखलं असेलच.

त्याचं बोलणं मात्र कलावंताचं नव्हतं. मोडनिंबचे एक गृहस्थ मान वाकलेली गिटार घेऊन आले होते. कुठं ठेवता, असं यानं विचारलं. वरच्या खोलीत, पत्र्याखाली. आणि तुम्ही कुठं झोपता? खाली ओसरीवर, तिथं गार असतं. नरसय्या त्यांच्याकडं बराच वेळ बघत राहिला, इतका, की ते गृहस्थ स्वतःच "चुकलंच" म्हणाले. मग यानं ती गिटार आल्या आल्या उघडली नाही. तीन दिवस पाण्याच्या माठाशेजारी नुसती टांगून ठेवली. आजारी माणूस पोचला की आधी त्याला पाणी देतात, प्रश्न विचारत बसत नाहीत, असं त्याचं म्हणणं. परत देताना प्रत्येकाला तो एक औषध द्यायचा: प्लास्टिकची साबणाची डबी, तिला भोकं पाडलेली, आत टॉवेलचा ओला तुकडा. ती गिटारीच्या पेटीत ठेवायची आणि उन्हाळाभर रोज ओली करायची. पुढं रस्त्यात कुठं गिटारवाला भेटला, की हा त्याला "कसं काय" विचारायचा नाही. "पाणी पाजताय न्हवं?" एवढंच विचारायचा. बघणाऱ्यांना वाटायचं, माणसानं गाय पाळलीय.

आणि गिटारीबद्दल खोटं त्याला बोलताच येत नसे. एक क्लासचे सर आपल्या चार शिष्यांसकट आले, गिटार बेसूर झाली म्हणून. यानं ती भिंतीला लावली, हनुवटी टेकवली, त्यांना वाजवायला लावलं, बोट गोल फिरवत तीनदा पुन्हा वाजवायला लावलं. मग गिटार त्यांच्या मांडीवर नीट ठेवत म्हणाला, "गिटार बरी हाय, सर. तुमचा हात लई जड पडतोय. तार दाबायची असतीय, तिचा गळा न्हाय दाबायचा." शिष्य छताकडं बघायला लागले. सर तीन महिने त्या बोळात फिरकले नाहीत. चौथ्या महिन्यात आले, एकटे.

रेवाच्या गिटारीच्या पट्ट्या तो कानसीनं घासत होता तेव्हा मला गप्प बसवलं नाही. मी म्हणाले, आम्हीसुद्धा वाजवत होतो हो आमच्या काळात. रेवानं लगेच माझी सगळी कथा त्याला सांगितली, त्यागासकट. नरसय्यानं मान डोलावली आणि म्हणाला, घेऊन या की, बघू. दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवून ती माळ्यावर चढली.

पन्नास वर्षांनी पेटी उघडली. आत गिटार, गुंडाळून बसलेली एक तुटकी तार आणि रॉड. आम्ही दुकानात पोचलो आणि बाहेर टॉवेलचे गठ्ठे नेणारा टेम्पो अडकला, म्हणून रेवा स्कूटी हलवायला गेली. देव असतो तो असा, टेम्पोच्या रूपात येतो. नरसय्यानं तुटक्या तारेचं टोक दोन बोटांत धरलं, खुंटी निरखली, रॉड हातात घेतला. मग माझ्याकडं बघितलं.

"अक्का, ही तार तुटली न्हाय. तोडलीय."

मी म्हटलं, कशावरून? तो मागाचा दोष सांगावा तसा सांगायला लागला. वाजवता वाजवता तुटते ती तार भोकाजवळ तुटते, हात पडतो तिथं. ही खुंटीपाशी तुटलीय, पिळून पिळून. लाकडावर नखाचा ओरखडा नाही, घामाचा डाग नाही. आणि रॉडभोवतीचा तेलकट कागद अजून अर्धा तसाच. "ह्यो काय वाजलेला बाजा न्हाय," तो म्हणाला. "ह्यो नुसता फिरून आलाय."

रिकाम्या पेटीचंसुद्धा त्याला कळलं की काय, या भीतीनं मी स्टुलावर बसले. मी एवढंच म्हणाले, की पोरीला सांगू नका, तिचं सगळं भांडण माझ्यावर उभं आहे. त्याला ते भांडण आधी समजावून सांगावं लागलं. ऐकून त्यानं पेन्सिल कानामागं सरकवली.

"मी कशाला सांगतोय? पर तिनं इचारलं तर मला खोटं बोलता येत न्हाय. आन् न्यायला आलात की वाजवावं लागंल. सगळ्यांनाच लागतंय."

तेवढ्यात रेवा आली आणि किती दिवस लागतील म्हणून विचारलं. तो म्हणाला, सहा हप्ते. एवढे कशाला, असं ती म्हणाली. "तयार व्हायला लागतात की," तो म्हणाला, आणि काय तयार व्हायला ते त्यानं सांगितलं नाही. माझ्याकडं बघून फक्त चार बोटं दाखवली. चार वाजता.

अशी मी बहात्तराव्या वर्षी घरातून खोटं सांगून बाहेर पडायला लागले. घरी सांगितलं, भजनी मंडळात नाव घातलंय. मुलगा खूश झाला, म्हणाला, बरं झालं, मन रमेल. मन कसलं रमतंय, बोटं सोलवटली होती.

नरसय्याला गाणं वाजवता यायचं नाही, पण माझ्या दोन ओळींचं ते गाणं त्याला पाठ होतं. तरुणपणी कारखान्याच्या कँटीनमधल्या रेडिओवर ते रोज लागायचं. ते त्यानं मला शिकवलं ते पूर्ण आपल्या पद्धतीनं. चादरीवरच्या मोराचं डिझाईन ज्या चौकटीच्या कागदावर काढतात, तो कागद त्यानं पसरला. आडव्या सहा रेघा म्हणजे सहा तारा. उभे चौकोन म्हणजे रॉड कुठं ठेवायचा त्या जागा. चौकोन भरत गेला, की गाणं तयार. पहिल्या दोन ओळी निळ्या पेन्सिलीनं, चौथी हिरव्यानं. तिसरी ओळ लाल. "ही तुमची तुटकी जागा हाय," तो म्हणाला. "हितं रोज गाठ मारायची." मी वाजवायची, तो हनुवटी टेकवायचा, मी तिसऱ्या ओळीत घसरायची, त्याची चिमूट सुटायची, बोट गोल फिरायचं. पुन्हा. एकदा वैतागून मी म्हणाले, अहो, या वयात कोण ऐकणार आहे मला? तो म्हणाला, भिंत ऐकतीय की.

चौथ्या हप्त्यात एका दुपारी लाईट गेली. शेजारचे बाराच्या बारा माग एकदम थांबले. अशी शांतता त्या बोळात मी कधी ऐकली नव्हती. माठातलं पाणी झिरपलेलं ऐकू येत होतं. नरसय्या माझ्याकडं पाठ करून गोंद ढवळत होता. मी म्हटलं, जॉबर, चहा सांगू का? उत्तर नाही. जरा मोठ्यानं म्हटलं. नाही. तिसऱ्यांदा नाव घेऊन हाक मारली, तरी त्याचा चमचा आपला गोल फिरतोय. मग माझ्या हातून रॉड खाली पडला. तो जमिनीवर आदळला तेव्हा हा वळला. आवाजानं नाही. पायाला कळलं म्हणून.

तेव्हा माझ्या डोक्यात सगळे चौकोन भरत गेले. खडखडाटात प्रत्येकजण याच्या समोर येऊन, तोंड मोठं उघडून, हातवारे करत बोलायचा. त्यामुळं गोंगाटात त्याला सगळं कळायचं. शांततेत माणसं मान वळवून, पुटपुटत बोलतात, तिथं तो हरवायचा. चाळीस वर्षांच्या मागांनी कान खाल्ले होते. हनुवटी टेकवणं हे कलावंताचं लक्षण नव्हतं. गिटारीचा आवाज त्याला फक्त हाडातून ऐकू यायचा.

माझा चेहरा त्यानं वाचला. चेहरे वाचण्यात तर हयात गेली होती. गोंदाची वाटी खाली ठेवून तो समोर येऊन बसला.

"बहिऱ्याकडं गिटार कोन देणार, अक्का?" तो म्हणाला. "तुमचं एक माझ्याकडं हाय. माझं एक तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या."

मी तळवा आडवा धरला. थांब, पुढं बोलायची गरज नाही. तो हसला. मग लाईट आली, माग सुरू झाले आणि आम्ही दोघं पुन्हा आपापल्या सोंगात शिरलो.

सहा हप्ते संपले. रेवा मला घेऊन आली, आणि मोबाईलवर चित्रण करायच्या तयारीनं आली. बाबांना दाखवते, असं म्हणाली. मी स्टुलावर बसले. गिटार मांडीवर. नरसय्यानं टॉवेलच्या तुकड्यानं तारा पुसल्या आणि खाली वाकून हनुवटी टेकवली. दोन ओळी गेल्या. तिसरी आली, पहिला चौकोन, दुसरा, आणि तिसऱ्याला रॉड घसरला तो मांजर पत्र्यावरून घसरावं तसा. चौथी ओळ मी कशीबशी गाठली. रेवानं टाळ्या वाजवल्या. मग नरसय्याच्या समोर जाऊन, तोंड नीट उघडून तिनं विचारलं, "काका, खरं सांगा. आजीनं नसतं सोडलं, तर ती मोठी वादक झाली असती ना?"

तो सरळ झाला. माझ्याकडं बघितलं. मी त्या माणसाला मोडनिंबच्या गृहस्थांशी बोलताना पाहिलं होतं, क्लासच्या सरांशी बोलताना पाहिलं होतं. आता तो माझ्यासाठी आयुष्यातलं पहिलं खोटं जुळवत होता, आणि त्याला ते जमत नव्हतं. त्याचा हात अर्धवट वर आला होता, तळवा आडवा. जरा थांबा, असं.

माझ्या खोटेपणाबद्दल मला कधी फार वाईट वाटलं नव्हतं. पण त्याचं पहिलं खोटं माझ्या नावावर लागावं, हे काही मला सोसेना.

मी म्हणाले, "रेवा, मला वाजवता येत नव्हतंच. दोन ओळी यायच्या. तिसरी येत नाही म्हणून तार मीच तोडली. भजनी मंडळ वगैरे काही नाही, सहा आठवडे मी इथं शिकतेय."

मोबाईल चालूच होता. रेवानं तो हळूच खाली घेतला. ती रडेल असं वाटलं, ओरडेल असं वाटलं. तिनं हिशोबी चेहऱ्यानं विचारलं, "म्हणजे मी बाबांशी भांडले ते...?" मी मान हलवली. तिनं मोबाईल पुन्हा वर घेतला. मग म्हणाली, "हे बाबांना सांगायचं नाही. निदान शेवटच्या वर्षाचा निकाल लागेपर्यंत." आणि चित्रण पुसून टाकलं. रक्त कुणाचं आहे, ते त्या दिवशी मला कळलं.

नरसय्या आमची तोंडं बघत होता. त्याला सगळं कळलं होतं. त्यानं माझ्या मांडीवरची गिटार उचलली, आणि मला वाटलं, पेटीत घालतोय. त्यानं ती परत भिंतीला टांगली.

"तिसरी वळ लंगडतीय," तो म्हणाला. "पुढच्या हप्त्यात या."

रेवा इतकी हसली, की तिला स्टुलावर बसावं लागलं. मी मात्र चिडले. एवढं खरं बोलल्यावर माणसाला काही सूट मिळायला नको? त्यानं बोट गोल फिरवलं.

तो पुढचा हप्ता वर्षभर चालला. मी जायची, वाजवायची, गिटार भिंतीवरच राहायची. खरं सांगायचं तर मला ती न्यायची घाई राहिली नव्हती.

मग शेजारचे माग हलले. मालकानं बारा माग टेम्पोत घालून औद्योगिक वसाहतीत नेले आणि भिंत एकाएकी गप्प झाली. बोळात चिमण्या ऐकू यायला लागल्या. गिऱ्हाईकं दारातूनच, हळू आवाजात बोलायला लागली, आणि नरसय्या प्रत्येकाच्या तोंडाकडं बघत मागं मागं सरकायला लागला. दोनदा त्यानं भलत्याच गिटारीची तार बदलली. लोकांना कळायच्या आत त्यानं स्वतःच ठरवलं. भिवंडीला त्याची लेक होती, तिकडं जायचं. तिच्या घराखाली माग आहेत, असं त्यानं मला समाधानानं सांगितलं. एकेक गिटार वाजवून, नियमानं, घरी गेली. शेवटी माझीच उरली. त्यानं ती पेटीत ठेवली, साबणाची डबी भिजवून आत सरकवली, वर चौकटीचा तो कागद घडी करून ठेवला आणि पेटी माझ्याकडं दिली. न वाजवता. नियम मोडून दिलेली त्याची ती एकच गिटार. देताना त्याचं तोंड असं झालं होतं, जसं कच्चं कापड दुकानाबाहेर सोडतोय.

आम्ही दोघी स्टेशनवर गेलो. त्याच्या लेकीनं एसीचं तिकीट काढलं होतं. डब्याच्या काचा बंद. फलाटावर सगळ्यांची तीच गत चाललेली. पाणी घेतलं का, पोचल्यावर फोन कर, डबा वरच्या पिशवीत आहे, असं लोक काचेवर थापा मारून ओरडत होते आणि आतली माणसं कानाला हात लावून "काय? काय?" करत होती. सगळ्या फलाटावर नीट बोलणं चाललं होतं ते आमचं दोघांचंच.

त्यानं तीन बोटं वर केली आणि भुवया उचलल्या. तिसरी ओळ?

मी दोन बोटांची चिमूट सोडली. तुटते अजून.

रेवानं माझ्याकडं बोट दाखवून त्याला खूण केली, की मी घेते करून. त्यानं तिला खुणा कधी शिकवल्या, मला माहीत नाही. त्यानं मान डोलावली. गाडीला हिसका बसला. त्यानं हनुवटी खिडकीच्या काचेला टेकवली, डोळे मिटले, गाडी बरी चाललीय ना ते बघत असावा. मग डोळे उघडून माझ्याकडं बघितलं आणि तर्जनी हवेत गोल फिरवली. डबा पुढं गेला, तरी ते बोट फिरतच होतं.

रेवाचा निकाल लागला. माझा मुलगा वर्तमानपत्राच्या पलीकडं काही वाचत नाही, तेव्हा हे मी निर्धास्त लिहिते आहे. आता उठते. चार वाजत आले.